प्रदीर्घ चित्रकथेचे वाचन : ‘वन पीस’मधील एका नावाचा माग

मागील वर्षी आषाढात, रात्रीच्या अभ्यासिकेत फेरी घालीत असताना, इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्यापुढे मला एक उघडी वही दिसली. डाव्या समासात आकडे होते, त्यांच्यापुढे ‘200 वर्षांपूर्वी’, ‘10 वर्षांपूर्वी’ अशा नोंदी होत्या आणि काही नावांभोवती चौकटी आखून त्या बाणांनी जोडलेल्या होत्या. इतिहास हा माझा विषय. कालरेषा आखून अभ्यास करा, असे मी गेली पंचवीस वर्षे वर्गात सांगत आलो आहे आणि तसे प्रत्यक्ष करणारे विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले. मी आनंदाने वही उचलली. ती फ्रेंच राज्यक्रांतीची नव्हती, शिवकालाचीही नव्हती. ती एका जपानी चित्रकथेची होती आणि त्या कथेच्या इंग्रजी अनुवादाचा एक खंड वहीखाली झाकलेला होता. अभ्यासिकेच्या नियमाप्रमाणे मी खंड जप्त केला. वहीही घेतली, ते मात्र कोणत्याही नियमात बसणारे नव्हते.

दोन दिवसांनी तो विद्यार्थी शिक्षककक्षाच्या दाराशी येऊन उभा राहिला. “सर, पुस्तक नंतर द्या, पण वहीतलं आरलाँगचं पान वाचलंत का? त्याला माफ करायचं की नाही, तेच मला ठरवता येत नाही.” आरलाँग कोण हे मला ठाऊक नव्हते. ज्या साधनावर प्रश्न विचारला आहे ते साधन न वाचता उत्तर देणे हे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणारे नाही, म्हणून दिवाळी आणि उन्हाळा अशा दोन सुट्यांत मी ते वाचन केले. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘वाचन’ या विषयावर अभ्यासलेख मागितला तेव्हा हाच विषय मनात होता. कथेतील वळणे आधी कळू नयेत अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी हा लेख तूर्त बाजूला ठेवावा.

‘वन पीस’ ही एइचिरो ओदा यांची चित्रकथा. ओदा यांचा जन्म 1975 साली जपानमधील कुमामोतो येथे झाला. 1997च्या जुलै महिन्यात ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात तिचे पहिले प्रकरण आले, तेव्हा लेखक अवघा 22 वर्षांचा होता. तेव्हापासून कथा चालूच आहे. प्रकरणांची संख्या 1100च्या पुढे गेली आहे आणि खंडांनी शंभरी ओलांडली आहे. आठवड्याला साधारण 17 ते 20 पानांचे एक प्रकरण, आणि अशी दहा-अकरा प्रकरणे जमली की एक खंड, असा तिचा क्रम आहे. कथेचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. ज्याचे शरीर रबरासारखे ताणले जाते असा लुफी नावाचा मुलगा चाच्यांचा राजा होण्यासाठी आणि ‘वन पीस’ नावाचा दडलेला ठेवा शोधण्यासाठी समुद्रावर निघतो. वाटेत एकेक सहकारी मिळवीत जातो. एवढ्यावरून कोणाही प्रौढ माणसाला हा पोरखेळ वाटेल. मलाही पहिले तीन खंड तसाच वाटला.

ज्यांनी अशी कथा कधी हाती घेतली नाही त्यांच्यासाठी वाचनाच्या काही रीती सांगणे आवश्यक आहे. पान उजवीकडून डावीकडे वाचायचे असते. चौकटीही त्याच क्रमाने, उजव्या वरच्या कोपऱ्यापासून. दुसरी खूण अधिक महत्त्वाची. चौकटींच्या मधली आणि कडेची जागा एरवी पांढरी असते, पण गतकाळातील प्रसंग सुरू झाला की ती काळी होते. पानाची कड काळी दिसली की आपण वर्तमान सोडून मागे आलो आहोत असे समजावे. तिसरी गोष्ट मुलेही चुकवतात. प्रकरणाच्या पहिल्या पानावर स्वतंत्र चित्र असते. ते सजावटीचे समजून सोडून दिले जाते. ओदा मात्र या चित्रांतून कित्येकदा एक लहानशी उपकथा आठवड्याला एक चित्र या गतीने पुढे नेतात. मुख्य कथेतून बाहेर पडलेली पात्रे तेथे जगत राहतात. आरलाँगच्या टोळीतील हाचि नावाच्या सहा हातांच्या मत्स्यमानवाचे पुढे काय झाले हे प्रथम अशाच चित्रांतून कळते. ती चित्रे न पाहणाऱ्याला पुढे तीनशे प्रकरणांनी हाचि एकदम वेगळा माणूस होऊन आल्यासारखा वाटतो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. प्रदीर्घ कथेत दोन क्रम असतात. घटना ज्या क्रमाने घडल्या तो एक आणि त्या ज्या क्रमाने आपल्याला सांगितल्या गेल्या तो दुसरा. छोट्या गोष्टीत हे दोन्ही बहुधा जुळतात, म्हणून त्यांतील भेद जाणवत नाही. पंचवीस-तीस वर्षे चाललेल्या कथेत ते इतके दूर जातात की दोन स्वतंत्र रकाने आखल्यावाचून वाचकाचा गोंधळ होतो. त्या विद्यार्थ्याच्या वहीत पहिला रकाना प्रकरणाच्या क्रमांकाचा होता आणि दुसरा कथेतील काळाचा. मी त्याला तिसरा जोडायला सांगितला: ही गोष्ट आपल्याला कोण सांगत आहे? चित्रकार थेट दाखवतो आहे, की एखादे पात्र दुसऱ्या पात्राला सांगते आहे, की वर्तमानपत्रात छापून आले आहे? हा तिसरा रकाना भरायला लागल्यावर त्याच्या वहीतील निम्म्या नोंदी बदलल्या.

याचा प्रत्यय येण्यासाठी एका नावाचा माग काढू. ते नाव जिंबे.

69व्या प्रकरणात, म्हणजे कथा सुरू होऊन दीड वर्षही झाले नसताना, एक दुय्यम पात्र लुफीच्या सोबत्यांना जगाची व्यवस्था समजावून सांगते. सरकारने सात बलाढ्य चाच्यांना मान्यता देऊन आपल्या बाजूला वळवले आहे. त्यांतील एक मत्स्यमानवांचा म्होरक्या जिंबे. आणि तो सरकारच्या बाजूला गेल्यामुळेच त्याच्या बरोबरीचा आरलाँग पूर्वेच्या समुद्रात मोकळा सुटला. एवढाच उल्लेख. वाचक पुढे जातो, कारण आरलाँग समोर उभा आहे आणि जिंबे कुठेच नाही.

आरलाँगचे प्रकरण या कथेतील पहिले खरोखर गंभीर प्रकरण आहे. तो मत्स्यमानव, माणसाहून दसपट बळाचा, आणि माणूस ही हीन जात आहे असे उघड बोलणारा. त्याने एक गाव ताब्यात घेतले आहे आणि जिवंत राहण्याचा कर लावला आहे: प्रौढ माणसामागे दरमहा एक लाख बेरी, मुलामागे पन्नास हजार. त्या गावात बेलमेर नावाची, नौदल सोडून आलेली स्त्री दोन अनाथ मुली वाढवते आहे. तिच्याकडे जेमतेम एका प्रौढाचा, म्हणजेच दोन मुलांचा कर भरेल इतकीच रक्कम आहे. मुली आपल्या नाहीतच असे म्हणून ती स्वतः वाचू शकली असती; मुलींना लपवून बाहेर काढण्याची धडपड गावकरी करीतही होते. ती मुलींचा कर भरते, त्या माझ्याच मुली आहेत असे सांगते आणि गोळीला सामोरी जाते. धाकटी मुलगी नामी तेव्हा दहा वर्षांची. नकाशे काढण्यात ती निष्णात म्हणून आरलाँग तिला आपल्या कामाला जुंपतो. दहा कोटी बेरी आणून दिल्यास गाव मुक्त करीन असा करार करतो. आठ वर्षे ती चोऱ्या करून पैसा साठवते. रक्कम पुरी व्हायला आली तेव्हा आरलाँगने विकत घेतलेला नौदलाचा एक अधिकारी ती जप्त करतो.

येथे वाचकाच्या मनात आरलाँगविषयी दुसरे काही उरत नाही. हे प्रकरण 1999च्या सुमारास छापले गेले. त्यानंतर सुमारे बारा वर्षे जपानी वाचकाने आरलाँगला याच रूपात जपले.

मग हळूहळू पार्श्वभूमी पुढे येऊ लागते. 500व्या प्रकरणाच्या आसपास लुफी आणि त्याचे सोबती एका द्वीपसमूहावर पोहोचतात. तेथे ‘तेन्र्यूबितो’ नावाचा वर्ग दिसतो. आठशे वर्षांपूर्वी विश्वसरकार स्थापणाऱ्या राजांचे हे वंशज. ते रस्त्यावर निघाले की इतरांनी गुडघे टेकायचे. सामान्य माणसाने सोडलेली हवा आपल्या श्वासात येऊ नये म्हणून ते डोक्याभोवती पारदर्शक बुडबुडा लावून फिरतात. त्यांच्यासाठी माणसांचा आणि मत्स्यमानवांचा लिलाव चालतो. दोनशे वर्षांपूर्वीपर्यंत मत्स्यमानवांची गणना माशांतच होत असे, हेही येथेच समजते. आपले सहा हात झाकून, माणूस असल्याचे भासवीत वावरणारा हाचि गर्दीत उघडा पडतो, तेव्हा त्याला गोळी घातली म्हणून लोक हळहळत नाहीत. त्यांना हायसे वाटते. हाच हाचि एकेकाळी नामीच्या गावावर जुलूम करणाऱ्या टोळीत होता. गोळी लागलेल्या अवस्थेत तो नामीजवळ कबुली देतो की मला त्या अपराधाची थोडी तरी भरपाई करायची होती.

हवेचे ते चित्र पाहून आमच्या मुलांना महाडचे तळे आठवले. आठवणारच. मी त्यांना एवढेच सांगितले की ती आठवण आपली आहे. लेखकाच्या मनात ती होती असे म्हणण्यास आपल्यापाशी पुरावा नाही. साम्य दिसणे ही वाचनाची सुरुवात असते आणि साम्य दिसले की वाचन थांबवण्याचा मोह होतो. तेथे थांबले असते तर पुढची, अधिक अवघड गोष्ट त्यांच्या हातून निसटली असती, कारण मत्स्यमानवांचे दुःख दाखवून ओदा स्वस्थ बसत नाहीत.

528व्या प्रकरणात जिंबे प्रथमच प्रत्यक्ष दिसतो. समुद्राच्या तळाशी असलेल्या तुरुंगात, साखळदंडात. 69पासून 528पर्यंत वाचकाने त्याचे केवळ नाव बाळगलेले असते. पुढे, 2011मध्ये छापल्या गेलेल्या 620च्या पुढील प्रकरणांत, पानांच्या कडा काळ्या होतात आणि जिंबे मत्स्यमानवांच्या बेटावर लुफी आणि नामी यांच्यासमोर जुनी हकीकत सांगू लागतो.

फिशर टायगर नावाचा एक मत्स्यमानव साहसी प्रवासी होता. तो उघड्या हातांनी प्रचंड कडा चढून तेन्र्यूबितोंच्या नगरीत शिरतो आणि तेथील गुलामांना मुक्त करतो. मत्स्यमानवांना आणि माणसांनाही. मुक्त झालेल्यांच्या अंगावर मालकांनी डागलेली खूण आहे. टायगरची टोळी त्या खुणेवर सूर्याचे चिन्ह डागते, म्हणजे कोण गुलाम होता आणि कोण नव्हता हे ओळखू येऊ नये. गुलाम नसलेलेही ते चिन्ह स्वतःच्या अंगावर घेतात. माणसांना ठार मारायचे नाही हा टायगरचा नियम. या टोळीत जिंबे आहे आणि आरलाँगही आहे. मग कोआला नावाची एक माणसांची मुलगी, पूर्वीची गुलाम, त्यांच्या जहाजावर येते. ती सतत हसत असते आणि कोणी न सांगता फरशी घासत असते. कारण रडले किंवा हात थांबवले तर मार बसतो हे ती शिकली आहे. मला या साऱ्या कथेतील हे सर्वांत अचूक निरीक्षण वाटते. निवासी शाळेत काम करणाऱ्यांनी अशी अतिशहाणी, सदा हसतमुख मुले पाहिलेली असतात.

टायगर कोआलाला तिच्या गावी पोहोचवतो. परततांना नौदल दबा धरून असते. गावकऱ्यांनीच खबर दिलेली असते. जखमी टायगरला रक्ताची गरज आहे, जहाजावर माणसांचे रक्त उपलब्ध आहे, माणसांचे आणि मत्स्यमानवांचे रक्तगटही तेच आहेत. तो ते रक्त घेण्यास नकार देतो. मरतेवेळी तो प्रथमच सांगतो की मी स्वतः गुलाम होतो. माणसांत चांगले आहेत हे मला समजते, पण माझे शरीर ते रक्त स्वीकारू शकत नाही. आणि तो सोबत्यांकडून वचन मागतो की बेटावरच्या लोकांना आपल्या यातना आणि आपला द्वेष सांगू नका.

आता तिसऱ्या रकान्याकडे पाहा. सूड घेण्यासाठी एकटाच धावून गेलेला आरलाँग पकडला जातो आणि चौकशीत सांगतो की माणसांनी रक्त नाकारले, म्हणून टायगर मेला. घडले नेमके उलट होते. जो साक्षीदार प्रत्यक्ष जागेवर होता त्याचीच साक्ष खोटी. माझ्या विद्यार्थ्याने प्रथम ही ओळ ‘घटना’ म्हणून लिहिली होती. दोन पाने मागे जाऊन त्याने स्वतःच त्यापुढे ‘आरलाँगचे म्हणणे’ असे लिहिले. इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून साधनांची चिकित्सा शिकवताना माझे जितके तास खर्ची पडतात तितके येथे पडले नाहीत.

यानंतर जिंबे सरकारमान्य चाच्यांपैकी एक होतो, त्या बदल्यात आरलाँग तुरुंगातून सुटतो, वेगळा निघतो, आणि नामीच्या गावी पोहोचतो. 69व्या प्रकरणातील ते एक वाक्य आता पुन्हा वाचावे. त्यातला एकही शब्द बदललेला नाही. आरलाँगही बदललेला नाही. 81व्या प्रकरणात जो होता तोच तो आहे. बदलले आहे ते आपले ज्ञान. पात्राचा विकास म्हणून जे सांगितले जाते त्यात ही दोन वेगळी कार्ये मिसळलेली असतात. हाचि खरोखर बदलतो. जिंबे बदलतो. आरलाँगच्या बाबतीत बदलतो तो वाचक.

जिंबे ही हकीकत सांगतो तेव्हा समोर नामी बसलेली आहे. आरलाँग मोकाट सुटण्यास आपण कारणीभूत झालो म्हणून तो तिच्यापुढे मस्तक टेकवतो. ती जे उत्तर देते त्याचा आशय असा: मला द्वेष आहे तो आरलाँगचा, तू त्यामागे नव्हतास, त्या यातनांतूनच मला हे सोबती मिळाले, तेव्हा माझ्या आयुष्याचा न्याय तू परस्पर करू नकोस. आरलाँगला ती क्षमा करीत नाही. टायगरची कथा ऐकूनही नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर या पानावर होते, पण त्याने ते वाचले नव्हते, कारण तो स्वतःच न्यायाधीश होऊन बसला होता आणि जिला विचारायला हवे तिला त्याने विचारलेच नव्हते. मी त्याला म्हटले, “अरे, माफ करायचं की नाही हे तू का ठरवतोस? बेलमेर तुझी आई होती का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “पण सर, मग आपण वाचून काय ठरवायचं?” कारण समजणे आणि दोष पुसणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत, असे मी त्याला सांगितले; पण ते उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले, कारण याच प्रकरणात होडी जोन्स आहे.

होडी हा मत्स्यमानवांच्या बेटावरील नव्या पिढीचा बंडखोर. टायगर, जिंबे, आरलाँग ज्या गरीब, दुर्लक्षित वस्तीत वाढले त्याच वस्तीत तोही वाढला. आरलाँगला वीर मानीत वाढला. बेटाची राणी ओतोहिमे ही याच्या नेमकी उलट वृत्तीची. माणसांसोबत सूर्यप्रकाशात राहण्याचा हक्क मागण्यासाठी ती घरोघर फिरून सह्या गोळा करते. लोक देतात, टायगरच्या मृत्यूची बातमी येताच काढून घेतात, ती पुन्हा मागते. बेटावर फुटक्या जहाजातून आलेल्या एका तेन्र्यूबितोला लोक ठार मारणार, तेव्हा त्याच्यापुढे ती स्वतः उभी राहते, पुढे त्याच्यासह वर जाऊन अनुकूल लेख घेऊन येते, आणि सह्यांचा ओघ सुरू होतो. त्याच वेळी सह्यांच्या पेटीला आग लागते आणि राणीला गोळी लागते. एका माणसाने मारले, असे होडी जाहीर करतो आणि प्रेतही दाखवतो. बेट ते खरे मानते. दहा वर्षांनी कळते की गोळी होडीने घडवली होती.

राजपुत्र त्याला विचारतो की माणसांनी तुझे नेमके काय वाईट केले. उत्तर येते, काहीच नाही. त्याला कोणी गुलाम केले नाही, कोणी डागले नाही, त्याने तसे काही पाहिलेही नाही. आरलाँगच्या क्रौर्यामागे भोगलेले काही तरी आहे. होडीच्या मागे फक्त ऐकलेले आहे.

आमच्यासारख्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्यासाठी हे पान सोपे नाही. वाडवडिलांनी काय सोसले हे मुलांना सांगायचे की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे दर वर्षी जून महिन्यात येतो. ओदा यांचे उत्तर काहीसे असे दिसते की द्वेष पुढच्या पिढीकडे जाऊ देऊ नका. टायगर तसे वचन मागतो. ओतोहिमे मरताना मुलांना तेच सांगते. आणि तिची मुलगी शिराहोशी, जी आईच्या मृत्यूसमयी सहा वर्षांची होती, खुनी कोण हे पुढे कळूनही आईच्या शब्दासाठी तोंड मिटून राहते. येथे मी लेखकाशी सहमत नाही. टायगरची खरी हकीकत त्याच्या सोबत्यांनी बेटाला सांगितली असती, तर आरलाँगच्या खोट्या साक्षीला जागा उरली नसती. शिराहोशी बोलली असती, तर होडी दहा वर्षे राजाच्या सैन्यात उजळ माथ्याने वावरला नसता. होडीला घडवले ते सांगितलेल्या इतिहासाने नव्हे. अर्ध्या सांगितलेल्या, साक्षी न तपासलेल्या इतिहासाने घडवले. अर्थात, वचन पाळणाऱ्यांच्या मौनाची किंमत ओदा स्वतःच चित्रित करतात, तेव्हा त्यांनाही हे दिसत असावे असा माझा कयास आहे. काही सहकाऱ्यांना माझे हे मत पटलेले नाही. त्यांच्या मते सहा वर्षांच्या मुलीकडून आपण फार अपेक्षा करतो.

होडीचा पराभव होतो, पण लुफी रक्तबंबाळ पडतो. माणसाला रक्त देऊ नये असा बेटाचा जुना कायदा आहे आणि गर्दीतील कोणी पुढे येत नाही. जिंबे आपला हात पुढे करतो. मी चाचा आहे, मला हा कायदा लागू नाही, असे म्हणतो. टायगरने जे नाकारले ते येथे उलट दिशेने वाहते. ओदा यावर एकही भाष्य करीत नाहीत. एक नळी दाखवतात, एवढेच. लुफी तेथेच जिंबेला आपल्या जहाजावर बोलावतो, आणि जिंबे तत्काळ येत नाही. त्याला आधीची बांधिलकी फेडायची आहे. तो येतो तो 976व्या प्रकरणात, 2020 साली. 69व्या प्रकरणात हे नाव ज्याने शाळकरी वयात वाचले असेल तो जपानी वाचक तोवर स्वतः मुलांचा बाप झालेला असणार.

या कथेत दोष नाहीत असे कोणी समजू नये. मारामाऱ्या अनेकदा खंडच्या खंड लांबतात आणि तेवढ्यात पात्रे जागच्या जागी राहतात. मरण पावलेसे दाखवलेले पात्र काही प्रकरणांनी सुखरूप निघते, हे इतक्या वेळा घडते की खऱ्या मृत्यूचे गांभीर्य कमी होते. स्त्रियांची चित्रे, विशेषतः नंतरच्या खंडांत, एकाच साच्यातून काढल्यासारखी आहेत. नामीसारख्या व्यक्तिरेखेला हे शोभत नाही आणि आमच्या मुलींनी ते मला आधी दाखवून दिले. वहीत दोषांसाठीही एक पान राखावे.

शेवटी ओहाराविषयी थोडे, कारण इतिहासाच्या माणसाला ते टाळता येणार नाही. कथेच्या जगात शंभर वर्षांचा एक कालखंड आहे ज्याचा अभ्यास करण्यास सरकारने बंदी घातली आहे. ओहारा या बेटावरील विद्वान, एका अतिप्रचंड वृक्षाच्या पोटातील ग्रंथालयात बसून, दगडांवर कोरलेल्या लिपीच्या आधारे तो कालखंड वाचू पाहतात. नौदल संपूर्ण बेट भस्मसात करते. वृक्ष जळत असताना आणि पळून जाण्याची शक्यता संपली असताना ते विद्वान खिडक्यांतून ग्रंथ शेजारच्या तळ्यात फेकत राहतात. वाचणारी एकच मुलगी, आठ वर्षांची निको रॉबिन. पुढे तीही लुफीच्या जहाजावर येते. ही प्रकरणे 400व्या क्रमांकाच्या अलीकडची. माझ्या विद्यार्थ्याने वहीत लिहिले होते: ‘ओहारा. सर्व ग्रंथ नष्ट.’

1066व्या प्रकरणात, म्हणजे छपाईच्या हिशेबाने सुमारे सोळा वर्षांनी, एक शास्त्रज्ञ सांगतो की बेट जळाल्यानंतर मी तेथे गेलो होतो. दैत्याकार माणसांनी त्या तळ्यातून ग्रंथ काढून आपल्या देशी नेले. हे वाचून तो खोडरबर घेऊन माझ्याकडे आला. जुनी नोंद खोडून नवी लिहू का, असे विचारू लागला. मी म्हटले, खोडू नकोस. त्यावर एक रेघ ओढ, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला नवी नोंद लिहून आजची तारीख घाल. त्याने तसे केले. मग तिसऱ्या रकान्यात ‘शास्त्रज्ञाचे म्हणणे’ असे लिहिले, थोडा थांबला, आणि पुढे कंसात एक प्रश्नचिन्ह काढले. खंड मी त्याला त्याच दिवशी परत दिला. वही अजून माझ्याकडे आहे. त्याने दुसरी केली आहे.